मक्याची लावण: ट्रेतल्या दाण्यापासून कणीस मोडेपर्यंत

"मका टोकायचा असतो गं, लावायचा असतो तो कांदा," आमच्या आत्या म्हणाल्या. आत्या म्हणजे सासूबाई. आमच्या सांगलीकडच्या पलूस भागात सासूला आत्याच म्हणतात. मी सोप्यात बसून प्लास्टिकच्या ट्रेत स्वीट कॉर्नचा एकेक दाणा ठेवत होते आणि त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. टोकायचं म्हणजे बी थेट रानात खोचायचं, लावायचं म्हणजे तयार रोप लावायचं. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. जमिनीतनं उपटून दुसरीकडं लावलेला मका जीव धरत नाही, धरला तरी खुरटतो. पण कोकोपिटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, गड्ड्यासकट उचललेलं बारा दिवसांचं रोप नीट लावलं, तर त्याला आपली जागा बदलली हेच कळत नाही.

हे मी शिकले उसाच्या रोपवाटिकेत. दोन हंगाम तिथं रोजानं जात होते, ट्रे भरायला. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला पूर आला, आमच्या काठाच्या रानातला ऊस कुजला. रान मोकळं करून थंडीत भावजींनी स्वीट कॉर्नचं बी आणलं आणि सगळ्यांसारखं टोकलं. हे बी साध्या मक्यासारखं टपोरं नसतं. मनुक्यासारखं सुरकुतलेलं, हातात घेतलं तर हलकं. दाण्यात साखर जास्त, पिठूळ भाग कमी, म्हणून कोंबाला शिदोरी थोडी. थंड जमिनीत ते दमतं. त्यात पारवे आणि खारी. दहा दिवसांनी सरीत बघितलं तर कुठं चार रोपं सलग, कुठं दोन हात मोकळं. आम्ही पुन्हा बी टोकून नांग्या भरल्या, आणि खरी चूक तिथं झाली. मागनं उगवलेला मका पुढच्याच्या सावलीत सापडतो. तो वाढतो, तुराही टाकतो, पण कणीस धरत नाही, धरलं तर बोटाएवढं. पाच वेळा तोडा केला आणि प्रत्येक वेळी पोत्या-दोन पोत्यांचा माल. तेवढ्यासाठी व्यापारी गाडी पाठवत नाही.

पुढच्या वर्षी ट्रे आणले. आता सगळं रान एका उंचीचं येतं आणि दोन तोड्यांत मोकळं होतं. आमचं गणित उसाभोवतीच फिरतं. खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, डिसेंबर-जानेवारीत कारखान्याला जातो, नव्या उसाची आडसाली लावण जुलैत. मधल्या मोकळ्या महिन्यांत मका बसवायचा आणि त्यानंतर हिरवळीच्या खताला ताग गाडायलाही वेळ ठेवायचा, तर ट्रेतले बारा दिवस फुकटचे मिळतात. तेवढ्या दिवसांत रानाची नांगरट, सरी सगळं उरकतं.

बी किती, ट्रे किती

सरी अडीच फुटांची आणि दोन रोपांत आठ इंच ठेवलं, तर एकराला साधारण २६ हजार रोपं बसतात. मोडतोड धरून ९८ कप्प्यांचे २९० ट्रे भरा. बी किती आणायचं हे पाकिटावर बघू नका, दाणे मोजा. किराणा दुकानात छोटा काटा असतो, त्यावर १०० दाणे ठेवा. १२ ग्रॅम भरले तर २९० ट्रेना ३ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास बी लागेल. जात कुठलीही घ्या, पण एका रानात एकच घ्या.

कोकोपिट भिजवून एकदा पाणी निथळू द्या, खारटपणा जातो. मुठीत दाबलं की बोटांतून एखादा थेंब यावा, धार नको. ट्रे भरून बोटानं अर्धा इंच खड्डा, त्यात एक दाणा, टोकदार बाजू खाली. मुळी त्या टोकाकडून निघते, मग तिला वळसा घालावा लागत नाही. घाई असेल तर आडवा पडला तरी उगवतो, त्यासाठी बायकांच्या मागं लागू नका. वरून कोकोपिटचा पातळ थर, हलकं पाणी, आणि ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळायचे. आत ऊब धरते. जानेवारीच्या थंडीत ही ऊब फार कामाची.

तिसऱ्या दिवशी सकाळी कागद उघडून बघायचाच. पांढरे कोंब दिसले की ट्रे लगेच खाली पसरायचे. एक दिवस उशीर झाला तर कोंब वरच्या ट्रेला टेकून पिवळे, वाकडे होतात आणि मग सरळ होत नाहीत. आणखी एक, उंदीर. ट्रेच्या पहिल्या वर्षी मी रचलेले ट्रे गोठ्यात ठेवले होते. सकाळी उघडले तर खालच्या सात ट्रेतला दाणा नुसता सोलून नेलेला, कोकोपिट मात्र जागच्या जागी. आत्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचं न बोलणं मला ऐकू आलं. आता मी ट्रे घरात, लोखंडी कॉटवर रचते.

पसरल्यावर चार-पाच दिवस शेडनेटखाली, नंतर उघड्या उन्हात. पाणी सकाळी एकदा, ऊन असलं तर दुपारनंतर पुन्हा थोडं. कोकोपिटमध्ये खायला काही नसतं, म्हणून आठव्या दिवशी १९:१९:१९ हे विरघळणारं खत लिटरला २ ग्रॅम घेऊन झारीनं देते. लावणीआधी दोन दिवस पाणी तोडायचं, रोप जरा चिवट होतं.

बारा दिवस म्हणजे बाराच

एका साली लावणीच्या आदल्या दिवशी मोटर जळाली. दुरुस्त होऊन येईतो रोप १९ दिवसांचं झालं. दिसायला छान, हिरवंगार, वीतभर उंच. लावलं. महिना गेला तरी ते गुडघ्याएवढंच, आणि कमरेएवढं होतंय तोवर तुरा बाहेर. कणीस काकडीएवढं. मका असा आहे, त्याचं आयुष्य दिवसांत मोजलेलं असतं. ट्रेत अडकून वाया गेलेले दिवस तो पुढं भरून काढत नाही. खत दुप्पट घातलं तरी नाही, मी घालून बघितलंय.

म्हणून लावणीआधी एक रोप काढून बघा. ट्रेच्या बुडाला भोक असतं, तिथून अंगठ्यानं वर दाबायचं आणि दुसऱ्या हातानं रोप बुडाशी धरायचं. बाटलीचं बूच निघावं तसा गड्डा सुटून आला पाहिजे. गड्ड्याच्या बाजूनं पांढऱ्या मुळ्यांची जाळी दिसते, पण कोकोपिटचा तपकिरी रंगही मधून दिसतो, तीन पानं आहेत, बस, आजच लावा. गड्डा हातात फुटला तर दोन दिवस थांबा. आणि बुडाशी मुळ्यांचा वेटोळा झालेला असेल, रंग पिवळट असेल, तर ते रोप गेलं समजा.

रोप नेण्याआधी ट्रे बुडवायला पसरट घमेल्यात किंवा प्लास्टिकच्या टबात १० लिटर पाणी घ्या, त्यात ॲझोस्पिरिलम आणि पीएसबी या जिवाणू खतांची पावडर, दोन्ही २५० ग्रॅम. ट्रे बुडाकडून पाच मिनिटं टेकवायचा. हे बियाला का लावत नाही? कारण विकतचं बी बुरशीनाशकाच्या गुलाबी रंगात आलेलं असतं, त्यावर जिवाणू टिकत नाहीत. लावणीत हा एक फायदाच आहे.

आदल्या दिवशी सरी भिजवलेली असावी. दुपारी चारनंतर लावायला घ्या. खुंटीनं भोक, त्यात गड्डा, आणि गड्ड्यावर अंगठ्याच्या पेराएवढी माती आलीच पाहिजे. कोकोपिट उघडं राहिलं तर ते दिव्यातल्या वातीसारखं ओल वर ओढतं आणि वाऱ्यावर सुकून जातं, रोप भिजल्या सरीत तहानलेलं मरतं. नव्या बायकांना मी हे करून दाखवते आणि पहिल्या दोन सऱ्या मागून तपासत जाते. चौथ्या दिवशी आंबवणी, म्हणजे लावणीनंतरचं पहिलं पाणी. उरलेले पाच-सहा ट्रे बांधावर ठेवा, नांग्या आठवड्याच्या आतच भरायच्या. नंतर भरलेली नांगी म्हणजे आमच्या पहिल्या वर्षाचीच गोष्ट.

शेणाचं आणि पोत्याचं

खताबद्दल आमच्या गावात दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते, युरियानं जमीन मेली, सगळं सेंद्रिय करा. दुसरी म्हणते, शेणखत वाहायचा उपद्व्याप कशाला, दोन पोती फेकली की झालं. मी दोन्ही करून बघितलंय, चार-चार सऱ्या वेगळ्या ठेवून. नुसत्या शेणखतावरचा मका पहिले तीन आठवडे चांगला दिसतो, मग गुडघ्याएवढा झाला की खालची पानं शेंड्याकडून मधल्या शिरेच्या कडेनं पिवळी पडत जातात, व्ही आकारात. ती नत्राची भूक. शेणखत हळूहळू सुटतं, मका मात्र त्या वेळी आठवड्यात हातभर वाढतो. नुसत्या पोत्यावरचा मका जोरात येतो, पण एक पाणी लांबलं की दुपारी पानांच्या सुरळ्या करतो आणि पुष्कळसं खत पाण्याबरोबर कुठं गेलं कळत नाही. शेणखत ओल आणि खत धरून ठेवतं, युरिया ऐन भुकेला पोचतो. दोघांची कामं वेगळी.

जीवामृताचं, म्हणजे शेण-गोमूत्र-गूळ आंबवून केलेल्या पाण्याचं, विचारतात. मीही करते, २०० लिटरच्या पिंपात. पण जीवामृत म्हणजे विरजण आहे. त्यानं दही लागतं, पण दूध तुम्हालाच घालावं लागतं. शेणखत न घालता नुसतं जीवामृत सोडणाऱ्याचा मका मी बघितलाय.

आता हिशेब. मक्याची नेहमीची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ४० किलो पालाश. एकराला आणलं तर ४८, २४ आणि १६. यातलं पाव नत्र, म्हणजे १२ किलो, मी गांडूळ खतातून देते. चांगल्या गांडूळ खतात दीड टक्का नत्र धरला तर त्याला ८०० किलो खत लागतं. घरच्या दोन बेडमधून तेवढं निघतं. शिवाय शेवटच्या कुळवाआधी कुजलेलं शेणखत दोन ट्रॉल्या. त्याचा नत्र मी या हिशेबात धरतच नाही, तो निम्मा पुढच्या उसाच्या वाट्याचा. शेणखत कुजलेलंच हवं. हात घातला तर गरम लागतंय, शेणाचा वास येतोय, असलं खत मुळं खाणारी हुमणी अळी घेऊन येतं.

स्फुरदाला सिंगल सुपर फॉस्फेटची ३ पोती, १५० किलो. दुकानदार डीएपी घ्या म्हणेल, वाहायला सोपं म्हणून. पण सुपरमध्ये गंधकही येतं, आणि आमच्या चुनखडीच्या काळ्या रानात ते लागतं. हे सुपर नुसतं मातीत टाकलं तर चुना त्याला बांधून टाकतो, म्हणून निम्म्या गांडूळ खतात कालवून सरीच्या तळाशी ओळीनं पेरते आणि मातीआड करते. पालाशाला पोटॅश २७ किलो, तेही त्याच वेळी.

झिंक सल्फेट एकरी ८ किलो, पण वेगळं. सुपरबरोबर किंवा डीएपीबरोबर कालवलं की जस्त आणि स्फुरद एकमेकांना धरून बसतात, पिकाला दोन्ही मिळत नाहीत. मी ते उरलेल्या गांडूळ खतात मिसळून, पाणी शिंपडून, पोत्याखाली आठवडाभर झाकून ठेवते आणि लावणीच्या दिवशी टाकते. जस्त कमी पडलं तर मका लगेच सांगतो. कोवळ्या पानावर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी पांढरट पट्टे येतात. लोक त्याला रोग समजून औषध मारतात.

राहिला ३६ किलो नत्र, म्हणजे ७८ किलो युरिया. पोतं आता ४५ किलोचं येतं, तेव्हा एक पोतं आणि वर ३३ किलो. तो तीनदा द्यायचा. लावणीनंतर आठ-दहा दिवसांनी, रोपानं नवं पान काढलं की २० किलो. त्याआधी नको, कोवळी मुळी भाजते. पंचविसाव्या दिवशी, गुडघ्याला आला की ३५ किलो. आणि चाळिसाव्या दिवसाच्या आसपास, पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या पानांच्या सुरळीत, तुरा हाताला लागायला लागतो तेव्हा २३ किलो. हा मधला ३५ किलोचा हप्ता चुकवू नका. कणसात दाण्यांच्या किती ओळी पडायच्या हे त्याच सुमाराला आतल्या आत ठरत असतं, आणि आपण म्हणतो, अजून लहान आहे, बघू पुढच्या पाण्याला.

युरिया फेकायचा नाही. खोडापासून चार-पाच बोटं लांब, वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण हाताला चिकटत नाही तेव्हा, संध्याकाळी टाकून लगेच मातीनं झाकायचा आणि हलकं पाणी. आमच्या रानासारख्या जमिनीत वर पडलेला युरिया उन्हात वासाच्या रूपानं उडून जातो, आणि फेकताना दाणे पोंग्यात पडले की पानं जळतात. दुसऱ्या हप्त्याबरोबरच भांगलण, म्हणजे खुरपणी, उरकून खोडाला मातीची भर लावते. त्या वेळी खोडाच्या खालच्या कांड्यावर जाड, बोटासारख्या मुळ्या फुटत असतात, त्या मातीत गेल्या की मार्चच्या वाऱ्याला मका लोळत नाही.

अळी, पाणी, आणि शेजारचा मुरघास

अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात २०१८ साली आली आणि आता ती येणार हे धरूनच चालायचं. पानावर खिडकीसारखे पांढरे चट्टे, पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा, आणि अळीच्या डोक्यावर उलटा वाय. लावणीनंतर आठव्या दिवसापासून दर तीन दिवसांनी रानातून फिरा. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क पोंग्यात जाईल असा. तरी दिसली तर इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के, १० लिटरला ४ ग्रॅम, संध्याकाळी, एकदा. तुरा आल्यावर मी काहीच मारत नाही. हे कणीस लोक कच्चं खातात, माझी नातवंडंही.

पाणी फेब्रुवारीत आठ-दहा दिवसांनी, मार्चपासून सहा-सात. तुरा आणि केस बाहेर पडतात त्या पंधरा दिवसांत एकही पाळी चुकवायची नाही, लाईट रात्री दोनला आली तरी उठायचं. त्या वेळी ओल तुटली तर केस उशिरा येतात, तुऱ्याची पावडर, म्हणजे पराग, आधीच गळून गेलेली असते, आणि कणसाचा शेंडा बोडका राहतो. म्हणून ट्रे भरायचं काम फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत संपवते. एप्रिलच्या मध्याला केस आले तर उन्हानं तेच होतं, पाणी असूनसुद्धा.

आता जे कुणी सांगत नाही ते. तिसऱ्या वर्षी मका दृष्ट लागण्यासारखा होता. व्यापाऱ्यानं पहिलं कणीस सोललं, दाताखाली धरलं आणि तसंच पोत्यावर ठेवून दिलं. मी बघितलं. पिवळ्या मऊ दाण्यांत मधेच गर्द, टणक, चकचकीत दाणे, कुठं एक, कुठं ओळीनं चार. वाऱ्याच्या बाजूच्या दहा-बारा सऱ्या सगळ्या तशा. बांधापलीकडं शेजाऱ्यांनी मुरघासाचा, म्हणजे मुरवून जनावरांना घालायच्या चाऱ्याचा, मका केला होता आणि दोन्हींचा तुरा एकाच आठवड्यात आला. मक्याच्या केसावर दुसऱ्या जातीची पावडर पडली की त्याचा गुण त्याच कणसात, त्याच दाण्यात उतरतो, पुढच्या पिढीची वाट बघत नाही. तो माल निम्म्या भावानं गेला. आता ट्रे भरायच्या आधी मी चारी बांधांवर विचारून येते, कुणी मका करणार आहे का, कधी करणार. दोन-तीनशे मीटर अंतर मिळत नसेल तर तुऱ्यात किमान तीन आठवड्यांचं अंतर पडेल असं बघते. शेजारीण आता स्वतःच येऊन सांगते, "ताई, तुमचा तुरा झाला का? मग आम्ही टाकतो."

त्याच कारणानं मका चार लांब ओळींत बांधाकडेला लावू नका. चौकोनी तुकड्यात लावा, पावडर आतल्या आत फिरते.

तोडा

केस आल्यापासून वीस दिवसांच्या आसपास, उन्हाळा कडक असेल तर अठराच. केस तपकिरी, सुकलेले, पण पाला हिरवागार. कणसाच्या शेंड्याकडचा पाला दोन बोटं खाली सरकवा आणि एका दाण्यात नख रोवा. पाणी उडालं तर दोन दिवस थांबा. दुधाची चिळकांडी उडाली तर उद्या पहाटे तोडा. नखाला पिठूळ लागलं तर उशीर झाला, ते घरी उकडून खा. हे सगळ्या रानात मिळून पाच-सहा कणसांनाच करायचं, उघडलेलं कणीस व्यापारी बाजूला काढतो.

तोडा पहाटे पाचला सुरू करून आठच्या आत संपवते. ऊन लागलं की दाण्यातल्या साखरेचं पीठ व्हायला लागतं. ढीग उघड्यावर नको, लिंबाखाली, वर ओली गोणपाटं, आणि माल त्याच दिवशी सांगलीला. आम्हाला एकरी साडेपाच ते सहा टन कणसं मिळतात. एका ताटाला विकण्याजोगं कणीस एकच, खालचं दुसरं बारीक राहतं. त्याला बोटाच्या पेराएवढे केस दिसले की मी ते मोडून घेते, बेबी कॉर्न म्हणून भाजीला. बाजूचे फुटवे काढत बसू नका, मजुरीच जाते.

कणसं गेली तरी ताटं हिरवीच असतात. दुसऱ्या तोड्यानंतर लगेच कापून काही जनावरांना, बाकी कुट्टी करून मुरघासाला. मुळं, बुडखे रोटरनं मोडून मे अखेरीला ताग टाकते. ट्रे त्याच आठवड्यात धुऊन, सावलीत उलटे रचून ठेवा. उन्हात राहिले तर पुढच्या जानेवारीत हातात घेताच कडा तुटतात.